भितरकनिकाला निघण्याआधी

भितरकनिकाची तारीख ठरवताना आधी सुट्ट्या बघू नका, तिथी बघा. ब्राह्मणी-बैतरणीच्या मुखाशी पसरलेल्या या ओडिशाच्या कांदळवनात होडी कधी सुटायची आणि कुठल्या खाडीत शिरायची, हे पाणीच ठरवतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप चढतं नि उतरतं, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, कमी. भरतीत अरुंद खाड्यांत आतवर जाता येतं. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि थंडीतल्या मगरी उन्हाला येतात. म्हणून सकाळची भरती आणि पुढे उतरतं पाणी असा दिवस शोधा. त्यासाठी जवळच्या धामरा बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक लागेल, मुंबईचं तिथे उपयोगाचं नाही.

महिना डिसेंबर किंवा जानेवारी. मे ते जुलै मगरींच्या विणीसाठी उद्यान बंद असतं. बागागहन या तिथल्या पक्षी-वसाहतीत बगळ्या-करकोच्यांची वीण बघायची असेल तर मात्र पावसाळ्यात, ऑगस्टनंतर जावं. थंडीत तिथली घरटी रिकामी असतात, हे आधीच मनाशी धरा.

सीएसएमटीहून कोणार्क एक्सप्रेस भुवनेश्वरला जाते, विमानही आहे. पुढे भद्रक, तिथून रस्त्याने चांदबाली, जिथून होडी सुटते. ओळखपत्र, रोख पैसे, डासांचं मलम, एक स्वेटर, मातकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पाण्याची स्वतःची बाटली.

दुर्बीण ८ बाय ४२ (८ पटीची, ४२ मिमी भिंगाची) घ्या. १० पटीची हलत्या होडीत फार थरथरते. आणि निघण्याआधी ऐरोलीला जाच. तिथल्या सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत होडी सुटते, तीही भरती बघूनच. फ्लेमिंगो डोळे भरून बघा, पण सराव करा तो तुतारी, सुरय आणि चिखल्या या चपळ पाणपक्ष्यांवर: उडता पक्षी दुर्बिणीत पटकन धरता यायला हवा. कारण भितरकनिकात ज्याच्यासाठी मी पुन्हा जाईन, तो तपकिरी पंखांचा खंड्या आपल्या किनाऱ्यावर नाही. फांदीवर बसलेला असताना जाड लाल चोच आणि नारिंगी डोकं-पोट तेवढं दिसतं. उडाला की पाठीच्या खालच्या भागावर चमकदार निळा पट्टा उघडतो, आणि दोन पंखझापांत तो तिवरांच्या आड जातो. तेवढ्यात जो बघेल त्याचा.

होडीबाहेर हात काढायचा नाही, पाय पाण्यात सोडायचे नाहीत, फोटोसाठी सगळ्यांनी एका बाजूला धावायचं नाही. १९७५ साली भितरकनिकातल्या डांगमाळला मगरींचं संवर्धन सुरू झालं तेव्हा खाऱ्या पाण्यातल्या या मगरी १०० च्या आत उरल्या होत्या. आज १,७०० च्या वर आहेत. नावाड्याला इंजिन बंद करून थांबायला सांगा, घाई करू नका. मुलांना निवट्या (चिखलात उड्या मारणारे मासे) आणि एकच नांगी मोठी असलेले खेकडे दाखवा, त्यांना दुर्बीणही लागत नाही.