सायलेन्सर बदलल्यावर कार्बोरेटरचं मिक्स्चर असं लावा

बाइकला मोकळा सायलेन्सर बसवला की पहिला सल्ला ठरलेला असतो: मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मापून सोडणारं मुख्य भोक) दोन नंबर मोठा टाका. हा सल्ला देणाऱ्याने गाडी ऐकलेलीही नसते. मेन जेटचा खरा अंमल पाऊण रेसच्या पुढे सुरू होतो आणि रोजच्या चालवण्यात रेस तिथवर क्वचितच जाते. सायलेन्सर बदलल्यावरच्या तक्रारी म्हणजे उचलताना अडखळणं, एका वेगाला धरून चालवताना गाडी मागेपुढे ओढणं, रेस सोडल्यावर फटाके फुटणं. यातल्या बहुतेक अर्ध्या रेसच्या आतल्या असतात. तिथे राज्य पायलट सर्किटचं (आयडलिंग आणि अगदी कमी रेसचा पेट्रोलचा मार्ग) आणि नीडलचं (मधल्या रेसला पेट्रोल मोजणारी सुई). मेन जेट वाढवून त्या जात नाहीत, वरच्या टोकाला गाडी धूर मात्र काढू लागते.

मूळ फिल्टर तसाच ठेवून फक्त मागचा डबा बदलला असेल, तर बऱ्याचदा पायलट स्क्रू (आयडलिंगचं मिक्स्चर लावणारा) आणि फार तर नीडलची एक खाच एवढ्यावर काम होतं. बेंड पाइपसकट (इंजिनातून निघणारा वाकडा पाइप) पूर्ण सायलेन्सर आणि सोबत मोकळा फिल्टर बसवला असेल, तर मेन जेट, नीडल आणि पायलट या तिन्ही ठिकाणी हात घालावा लागेल. हवा वाढते, पेट्रोल त्या मानाने वाढत नाही आणि मिक्स्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाच्या हिशेबाने 14.7 भाग हवा लागते. पूर्ण रेसला मात्र इंजिनाला साधारण 12.5 ते 13 भागांचं रिच (पेट्रोल जास्त असलेलं) मिश्रण मानवतं. (रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं बऱ्याच देशांत बेकायदा आहे, ते आधी पाहून घ्या.)

व्हॉल्व्ह क्लिअरन्स, फिल्टर, प्लग आणि फ्लोटची (कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) उंची ठीक आहे असं धरतो. फ्लोट चुकला असेल तर पुढचं सगळं वाया जातं, कारण त्याचा परिणाम प्रत्येक सर्किटवर होतो.

कार्बोरेटरला हात लावण्याआधी गळती शोधा. बेंड पाइपचं सिलिंडरकडचं पॅकिंग जुनंच पुन्हा बसवलं असेल तर ते काढून नवीन घाला. इंजिन थंड असताना चालू करा, जाड फडकं धरून सायलेन्सरचं तोंड क्षणभर दाबा आणि सांध्यांतून फुसफुस येते का ऐका. सांध्याभोवती काळा पट्टा उमटलेला दिसला तर शंकाच नको. रेस सोडल्यावर याच फटीतून ताजी हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपात भडकतं. फटाक्यांचं हे सर्वांत साधं कारण, आणि त्यासाठी लोक महिनोन्‌महिने जेट बदलत बसतात. इंजिनाच्या बाजूचा रबरी मॅनिफोल्डही वाकवून पाहा. तडे गेले असतील तर बदला.

आता मूठ आणि स्विचचा डबा यांवर कागदी टेप चिकटवून पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण रेसच्या खुणा करा. ही पायरी गाळू नका. अंदाजाने धरलेली 'अर्धी रेस' बहुधा पावच असते.

क्रम मेन जेट, मग नीडल, शेवटी पायलट. मेन जेटमधून गेलेलं पेट्रोलच पुढे नीडलपाशी पोचतं, म्हणून उलट्या क्रमाने केलेलं काम पुन्हा करावं लागतं.

मेन जेट: मोकळ्या, सुरक्षित जागी वरच्या गिअरमध्ये पूर्ण रेस धरा आणि चोक किंचित ओढा. गाडी जोर धरत असेल तर लीन आहे, जेट एक नंबर वाढवा. लगेच दबत असेल तर आहे तो ठीक आहे किंवा मोठा आहे. एक नंबर लहान घालून पुन्हा बघा. मिकुनीच्या षटकोनी जेटचा नंबर पेट्रोलच्या प्रवाहावरून असतो, केहिनचा भोकाच्या व्यासावरून, तेव्हा एकाचा नंबर दुसऱ्याला लावू नका. जेटमध्ये तार घालून भोक मोठं करणारा कारागीर भेटला तर गाडी तशीच परत घेऊन या.

नीडल: क्लिप एक खाच खाली घेतली की नीडल वर येते आणि मिक्स्चर रिच होतं. हे हमखास उलटं केलं जातं. खाचा नसतील तर नीडलच्या डोक्याखाली अर्ध्या मिलिमीटरचा वॉशर घाला. डायफ्रामचा कार्बोरेटर (ज्यात नीडल धरणारी स्लाइड रबरी पडद्याने वर उचलली जाते) असेल तर झाकण लावताना रबराची कड खाचेत नीट बसली आहे ना ते बोटाने फिरून पाहा. कड चिमटली तर स्लाइड वर उचलत नाही आणि दोष जेटवर येतो.

पायलट स्क्रू हा खरा कटकटीचा भाग. आधी तो कुठे आहे ते बघा. कार्बोरेटरच्या इंजिनाकडच्या तोंडाजवळ असेल तर तो मिक्स्चरचा स्क्रू, बाहेर काढला की रिच. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की लीन. हे न बघता 'दीड फेरा बाहेर' सांगणाऱ्याचं ऐकू नका. त्यावर पितळी टोपी ठोकलेली असेल तर 3 मिलिमीटरच्या ड्रिलवर टेप गुंडाळून खोली बांधून घ्या, हलक्या हाताने भोक पाडा, त्यात पत्र्याचा स्क्रू घालून टोपी ओढा. ड्रिल आरपार घसरलं की खालच्या स्क्रूचं डोकं जातं.

मग स्क्रू आत फिरवत फेरे मोजा आणि आकडा लिहून ठेवा. टेकल्यावर आवळू नका. त्याचं टोक सुईसारखं असतं, मोडून बैठकीत अडकलं की कार्बोरेटर गेला. स्क्रू पूर्ण काढलाच तर मागोमाग स्प्रिंग, इवलासा वॉशर आणि रबरी रिंग येते. रिंग बहुतेकदा भोकातच चिकटून राहते. ती विसरून वर दुसरी घातली तर स्क्रू कधीच नीट लागणार नाही.

इंजिन चालवून पूर्ण गरम करा. मोजलेल्या फेऱ्यांवर स्क्रू ठेवून आयडलिंग पुस्तकात दिलेल्या आरपीएमवर आणा. पाव पाव फेरा आत घेत आरपीएम पडू लागेल ती जागा टिपा, मग बाहेर काढत पुन्हा पडेल किंवा आवाज जड होईल ती जागा टिपा. दोन्हींच्या मध्ये, रिचकडे किंचित झुकवून थांबा. प्रत्येक बदलानंतर रेस एकदा हलकी पिळून दहा-पंधरा सेकंद वाट पाहा. आयडलिंग वाढलं तर आयडल स्क्रूने खाली आणा आणि सगळं पुन्हा करा. कानावर विसंबू नका, आरपीएमचा काटा किंवा मीटर हवाच. हवेवर थंड होणारं इंजिन जागेवर फार वेळ चालवलं तर तापून आकडे भरकटतात, म्हणून समोर पंखा लावा.

स्क्रू फिरवूनही काहीच होत नसेल तर बहुतेकदा आयडल स्क्रू फार आत गेलेला असतो. फुलपाखरू झाकण (हवेचा मार्ग उघडणारी गोल झडप) इतकं उघडतं की पेट्रोल पुढच्या छोट्या छिद्रांतून येऊ लागतं आणि पायलट स्क्रूचा संबंधच राहत नाही. इथे बरेच जण हरतात आणि उगाच जेट बदलतात. आयडलिंग खाली आणा, मग स्क्रू बोलू लागतो. तरीही नाही, तर पायलट जेट तुंबलेला आहे किंवा कुठेतरी हवा गळते आहे. मिक्स्चरचा स्क्रू तीन फेऱ्यांपेक्षा जास्त बाहेर ठेवावा लागला तर पायलट जेट एक नंबर मोठा घाला. एका फेऱ्याच्या आतच सगळं जमलं तर लहान.

लीन आणि रिच दोन्हींत गाडी अडखळते, म्हणून नुसतं अडखळणं ऐकून निदान करू नका. रेस पिळून सोडा आणि काट्याकडे बघा. आरपीएम वरच लटकून हळूहळू उतरत असेल तर लीन. आयडलिंगच्या खाली बुडून परत वर येत असेल तर रिच. लीन गाडी सकाळी थंड असताना जास्त त्रास देते, चोक लावल्यावर बरी चालते. रिच गाडी गरम झाल्यावर बिघडते, उचलताना भकभकते आणि पेट्रोलचा वास मारते.

इंजेक्शनच्या गाडीत यातलं काही लागत नाही. ओटू सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) ठरावीक वेगाला मिक्स्चर आपोआप सांभाळतो, पण पूर्ण रेसला कॉम्प्युटर सेन्सरकडे पाहत नाही. तिथे फ्युएल कंट्रोलर किंवा मॅप (कॉम्प्युटरमधला पेट्रोलचा तक्ता) आणि तो डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणारं यंत्र) लावणारा माणूस, हाच मार्ग.

शेवटी नवा प्लग लावून पूर्ण रेसवर काही अंतर जा, क्लच दाबत किल स्विचने इंजिन बंद करा आणि प्लग काढा. आजच्या पेट्रोलवर वरचा रंग फसवतो. प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलिनच्या मुळाशी, आत, फिकट तपकिरी कडं दिसायला हवं. पांढरंफटक आणि कोरडं असेल तर मेन जेट वाढवल्याशिवाय गाडी जोरात पळवू नका. लीन मिक्स्चरवर पिस्टन वितळतो. सगळं जुळल्यावरही उतारावर रेस पूर्ण सोडली की एखाद-दुसरा फटाका फुटेल, विशेषतः एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारा व्हॉल्व्ह असलेल्या गाडीत. तो घालवण्यासाठी पायलट स्क्रू आणखी रिच करू नका, आठवडाभरात प्लग काळा पडेल.