भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहात? मग मे महिन्यात आजोळी जा

पहिल्या वर्षाच्या दिवाळीत मी आजोळाहून १७ दगड घेऊन पुण्याला परत आले. कापडी पिशवी फाटायला आली होती, म्हणून एसटीत ती पूर्ण वेळ मांडीवर धरून बसले. प्रॅक्टिकलच्या टेबलावर सगळे दगड मांडले. सरांनी एकेक हातात घेतला आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारला, "हा कुठला?" मला तिघांचंच सांगता आलं. बाकीचे डोंगराच्या कोणत्या टप्प्यावरचे, कातळातून सुटलेले की ओढ्याने आणून टाकलेले, यातलं काहीच मी लिहून ठेवलं नव्हतं. सर रागावले नाहीत. "उन्हाळ्यात परत जा," म्हणाले, "आणि या वेळी वही घेऊन जा."

मी गेले. आज तिसऱ्या वर्षाला आहे. एफ.वाय.ची मुलं परीक्षा संपत आली की विचारायला येतात: ताई, सुट्टीत काय करू? इंटर्नशिप मिळेल का? एखादा ऑनलाइन कोर्स करू का? पहिल्या वर्षानंतर इंटर्नशिप मिळणं अवघड असतं आणि कोर्स पुढेही करता येतो. मी त्यांना सांगते, महाराष्ट्रातल्या बहुतेक भागात तुमचं आजोळ बेसॉल्टवरच, म्हणजे थंड झालेल्या लाव्हाच्या काळ्या दगडावरच, वसलेलं असणार. तिकडे जा, घरच्यांबरोबर राहा, जेवा, डोंगर चढा आणि रोज रात्री वहीत अर्धं पान लिहा. त्या एका महिन्यात मी जे शिकले ते इथे सविस्तर लिहिते आहे.

माझं आजोळ अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढे. पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर करत अकोले गाठायचं आणि तिथून पुढची गाडी. कळसूबाईचा डोंगर लहानपणापासून डोळ्यासमोर होता. आजी सकाळी अंगणात पाणी टाकताना त्या दिशेला हात जोडते. कळसू नावाची मुलगी कामाला राहिली, पण भांडी घासणार नाही आणि झाडलोट करणार नाही असं तिने आधीच सांगितलं होतं. ते मोडून तिला कामाला लावलं, तेव्हा ती डोंगरावर निघून गेली, ही गोष्ट मी आजीच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकली होती. आणि मग कॉलेजच्या पहिल्याच वर्षी पुस्तकात एक तक्ता आला. सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांचे तीन मोठे गट: सगळ्यांत खाली कळसूबाई, त्यावर लोणावळा, त्यावर वाई. कळसूबाई उपगट! माझ्या आजीची देवी जगभरच्या भूशास्त्रज्ञांच्या शोधनिबंधांत आहे हे वाचून त्या दिवशी मी वर्गात पुढचं काही ऐकलंच नाही. घरी फोन करून आजीला सांगितलं. ती म्हणाली, "असणारच की. मोठी बाय हाय ती."

मे महिन्यात गेले तेव्हा पहिला धडा स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत मिळाला.

आजी अजून चटणी पाट्यावर वाटते. खुरासणी भाजून, लसूण, लाल मिरची, मीठ. पाट्याला टाकी लावायला आली होती, म्हणजे वापरून वापरून तो गुळगुळीत झाला होता आणि त्याच्यावर छिन्नीने पुन्हा बारीक खाचा पाडून घ्यायच्या होत्या. मी भिंग घेऊन पाट्यावर वाकले. काळा, घट्ट, बारीक कणांचा दगड, एकही पोकळी नाही. आजीला विचारलं, पाटा घेताना काय बघतेस? तिने वरवंट्याने पाट्याच्या कडेला हलकेच ठोकलं. खणकन आवाज आला. "आधी वाजवून बघायचा. बद्द वाजला की आत फट हाय. आन् जाळीचा दगुड तर घ्यायचाच न्हाई. भोकांत चटणी बसती, दुसऱ्या दिशी वास मारती."

पुस्तकात हेच दोन पानं भरून आहे. लाव्हा वर येतो तेव्हा त्यातले वायू सुटू लागतात आणि बुडबुडे वरच्या भागात साठतात, म्हणून प्रवाहाचा माथा जाळीदार होतो. प्रवाहाच्या मधल्या भागात दगड सावकाश थंड होतो आणि घट्ट राहतो. पाटा त्या मधल्या भागातला असतो. मी ते वाक्य परीक्षेत पाठ करून लिहिलं होतं, पण ते समजलं आजीने पाटा वाजवला तेव्हा. तेव्हापासून नवीन दगड समोर आला की मी हातोडीने हलकेच ठोकून आधी ऐकते.

पुढे त्या जाळीतल्या पोकळ्यांत गरम पाणी फिरत राहतं आणि पांढरी खनिजं बसतात. शेतात नांगरट झाली की ती वर येतात. माझी मामेबहीण नववीत आहे, तिने डबाभर "गारा" जमवल्या होत्या. एका दुपारी आम्ही दोघींनी स्वयंपाकघरातच तपासणी केली. काचेच्या फुटक्या बाटलीवर ओरखडा उठला की ती गारगोटी, म्हणजे क्वार्ट्‌झ. ज्यांनी काचेवर ओरखडा उठला नाही, त्यांची जराशी पूड करून वर लिंबू पिळलं. एका पुडीवर बारीक फेस आला, ते कॅल्साइट. उरलेल्यांत मोरपिसासारखे पदर असलेले, मोत्यासारखी चमक असलेले तुकडे होते. ते झिओलाइट या खनिजांच्या गटातले असावेत असं मी वहीत प्रश्नचिन्ह टाकून लिहिलं आणि परत आल्यावर सरांना दाखवलं. त्यांनी प्रश्नचिन्ह खोडून स्टिलबाइट हे त्याच गटातल्या एका खनिजाचं नाव लिहिलं. चांगले नमुने बघायचे असतील तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय जरूर बघा. नाशिककडे जाणार असाल तर वाटेतच आहे, घरच्या सगळ्यांना घेऊन जा. माझी आई तिथून निघायला तयार नव्हती.

दुसरा धडा मामाच्या विहिरीचा. याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण विहिरीसारखी प्रयोगशाळा कुठल्याच कॉलेजात नाही.

मे महिन्यात पाणी तळाला गेलेलं असतं, म्हणून विहिरीच्या भिंती उघड्या दिसतात. मामाने आधी पायऱ्या तपासल्या, माझ्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक वरच्या झाडाला. त्याशिवाय तो उतरू देईना आणि ते बरोबरच होतं. तुम्हीही एकट्याने कधीही उतरू नका. जुन्या विहिरींच्या पायऱ्या सुटलेल्या असतात, कपारीत साप असतात आणि खोल, बंद विहिरीत हवा कोंदट असते. मालकाला विचारल्याशिवाय तर काठावरही जाऊ नका.

वर हातभर काळी माती. मग पिवळट मुरूम. मामा एकेका थरावर हात ठेवून नाव सांगत होता आणि मी पेन्सिलने लिहीत होते. "ह्यो मांजऱ्या. ठिसूळ असतो, पहारीनं निघतो. ह्याच्यातनं पाणी येतं." मांजऱ्या म्हणजे तोच जाळीदार दगड, त्याच्या पोकळ्यांत तीच पांढरी खनिजं भरलेली. त्याच्या खाली वीतभर जाडीचा विटेसारखा लाल पट्टा आणि त्याच्याखाली काळा पाषाण. "हा लागला की सुरुंग लावावा लागतो. ह्याच्यापायी तुझ्या आजोबांनी दोन वरसं काम थांबवलं हुतं." लाल पट्ट्याच्या बरोबर वरच्या रेषेतून पाणी झिरपत होतं. बोट लावलं तर गार.

तो लाल पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधला काळ. एक प्रवाह थंड झाला, त्याचा माथा उघडा पडून कुजला, माती झाली आणि मग वरून दुसरा तापलेला प्रवाह आला. दख्खनचे हे उद्रेक साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. मी मामाला ते सांगितलं. तो बराच वेळ त्या पट्ट्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हंजी ही आधी जमीनच हुती." मला त्याहून नेमकी व्याख्या अजून कुठे मिळालेली नाही.

याचा करिअरशी काय संबंध, असं विचाराल तर थेट आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून हेच काम करते: कोणत्या थरात पाणी आहे, किती आहे, कुठे विहीर घ्यावी, कुठे नको. केंद्राकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आहे, १८५१ पासूनचं. तिथे जाण्यासाठी यूपीएससीची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा असते आणि तिला पदव्युत्तर पदवी लागते. एम.एस्सी.साठी आयआयटीत जायचं तर 'जॅम' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. हे सगळं तुम्हाला सीनिअर सांगतीलच. मला इतकंच म्हणायचं आहे की तुमच्या पुढच्या नोकरीत शेतकऱ्याशी बोलावं लागणार आहे आणि तो मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण असेच शब्द वापरणार आहे. वहीच्या मागच्या पानावर या शब्दांची यादी सुरू करा. माझ्या यादीत आता ४० शब्द आहेत, त्यातले निम्मे मामाचे.

आणि मग कळसूबाई.

आई, मामा, मामेबहीण आणि मी. मामीने आदल्या रात्री मासवड्या केल्या होत्या. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण यांचं सारण पसरायचं, फडक्यानेच गुंडाळी करून दाबायची आणि गार झाल्यावर सुरीने काप काढायचे. कापात बाहेर पिवळा थर, आत काळपट सारण. मामेबहिणीला भूशास्त्रीय छेद म्हणजे काय ते मी त्या कापावरच समजावलं. वरून बघितलं तर नुसतं पिवळं दिसतं, आत काय आहे ते कापल्यावर कळतं. आपल्याला डोंगर कापता येत नाही, म्हणून ओढा, घाट आणि विहीर शोधायची. ती कॉलेजला भूशास्त्रच घेणार म्हणते आहे.

पायथ्याच्या बारी गावातून पहाटे चारला निघालो. उन्हाळ्यात याहून उशीर करू नका. आम्ही माणशी दोन लिटर पाणी घेतलं होतं आणि उतरताना ते कमी पडलं. शेवटच्या तासाभरात आईचे पाय गोळे येऊन आखडले. मामाने तिला सावलीत बसवून मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि आम्ही अर्धा तास तिथेच थांबलो. मी फार घाबरले होते. आता मी तीन लिटर धरते आणि सोबत घरची मोठी माणसं असतील तर वेग त्यांचा ठेवते.

वाटेत कडा आला की लोखंडी शिडी, मग पुन्हा सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा शिडी. दख्खनच्या या लाव्हाच्या थरांना 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात आणि त्यातला ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आला आहे, हे पुस्तकात असतं. कळसूबाईवर ते गुडघ्यांना कळतं. घट्ट थराचा कडा होतो, ठिसूळ थराची सपाटी होते. मी प्रत्येक शिडीच्या पायथ्याशी थांबून मोबाइलवर उंची बघितली आणि वहीत लिहिली. दगडाचा फोटो काढताना शेजारी पेन्सिल ठेवली, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. फोटोचा क्रमांक, ठिकाण, वेळ आणि आपल्याला काय दिसलं ते तिथल्या तिथे लिहायचं. रात्री आठवून लिहू म्हटलं की माझ्या १७ दगडांसारखं होतं.

इथे एक सूचना, आणि ती गंभीरपणे घ्या. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ मध्ये ते जाहीर झालं. इथे हातोडी चालवायची नाही आणि काही उचलून न्यायचं नाही. मी दिवाळीत आणलेल्या दगडांतले काही इथलेच होते, तेव्हा मला माहीत नव्हतं. उन्हाळ्यात परत जाताना ते घेऊन गेले आणि मामाच्या हवाली केले. भिंग, वही आणि कॅमेरा पुरेसा आहे. नमुने हवे असतील तर अभयारण्याबाहेर, रस्त्याच्या कामात किंवा विहिरीच्या उपशात, मालकाला विचारून घ्या.

माथा १६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. सूर्य वर आला तेव्हा एका बाजूला भंडारदऱ्याचं पाणी उजळलं, दुसऱ्या बाजूला अलंग, मदन, कुलंग ओळीने काळे उभे. त्या तिन्ही गडांवरच्या आडव्या रेघा एका पातळीत आहेत, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. आधी हे सगळं एकच पठार होतं. मधलं पाण्याने नेलं. मी आईला बोटाने रेघा दाखवत होते आणि ती मान हलवत होती. मग तिने देवळात नारळ फोडला आणि आम्ही पायरीवर बसून नागलीची भाकरी, मासवडी आणि पाट्यावरची चटणी खाल्ली.

परत निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मामा आम्हाला काजवे दाखवायला घेऊन गेला. मे सरता सरता, पावसाच्या तोंडावर, भंडारदऱ्याच्या रानात झाडंच्या झाडं लुकलुकतात. जायचं असेल तर बॅटरी बंद ठेवा आणि झाडं हलवू नका. त्या रात्री मी वहीत एकच ओळ लिहिली आहे.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला सरांनी वही बघितली. ९ दगड, प्रत्येकावर चिकटपट्टीने क्रमांक, वहीत त्याचा पत्ता, आणि विहिरीच्या छेदाचं एक चित्र. त्यांनी चित्रावर बराच वेळ घालवला आणि विचारलं, "लाल थराची जाडी मोजलीस का?" मी वीतभर असं लिहिलं होतं. टेप न्यायची राहून गेली होती.

या उन्हाळ्यात मामा विहिरीचा गाळ काढणार आहे आणि काळ्या पाषाणात आणखी थोडं खोल जाणार आहे. टेप मी आत्ताच बॅगेत टाकली आहे. आजीला तिच्या पाट्यासाठी टाकी लावणारा माणूस अजून मिळालेला नाही. राजूरच्या बाजारात शोधायचं आहे.