आधी करंट, मग कार्बोरेटर

सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू व्हायची. वीस मिनिटं चालली, इंजिन तापलं, की सिग्नलला बंद. मागचं झाकण उघडून अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू. १९७२ची फोक्सवॅगन बीटल, १६०० सीसीचं एअर-कूल्ड इंजिन. पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये शिकायला लागून मला तिसरा महिना होता. दोष पेट्रोलचाच, हे मी ठरवूनच टाकलं होतं. पंधरा दिवसांत तीनदा सोलेक्स कार्बोरेटर खोलला, जेट फुंकले, फ्लोटची सुई बदलली. गाडी बंद पडायची ती पडतच राहिली.

चौथ्यांदा खोलायला बसलो तेव्हा उस्तादांनी हातातला पाना काढून घेतला. त्यांनी गाडी तापवून बंद पडू दिली. आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नाही ना, ते पाहिलं. मग डिस्ट्रिब्युटर कॅपमधली मधली जाड वायर उपसून इन्सुलेटेड पकडीत धरली, तिचं टोक इंजिनच्या धातूजवळ नेलं आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी पडली, पण बारीक, पिवळट, मध्येच गायब होणारी. "करंट निळा पाहिजे, आणि त्याचा आवाज यायला पाहिजे," ते म्हणाले. पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले करंट तोडणारे दोन कॉन्टॅक्ट, काढले तर काळे पडलेले, एकावर खड्डा आणि दुसऱ्यावर टेकाड. पॉइंटवरची ठिणगी शोषणारा कंडेन्सर तापला की कामातून जात होता. पॉइंट आणि कंडेन्सर नवे टाकले, गाडी बंद पडायची थांबली.

नव्याने शिकणाऱ्यांना म्हणून मी क्रम पाठ करायला लावतो. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, आधी, तेही इंजिन रात्रभर उभं राहून पूर्ण गार झाल्यावर, ०.१५ मिमी. मग पॉइंटची फट ०.४ मिमी. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, त्यानंतरच, कारण फट हलली की टायमिंगही हलतं; उलट केलंत तर तेच काम दोनदा करावं लागेल. एवढं झाल्याशिवाय कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावू नका. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, वहीत लिहून ठेवा.

कार्बोरेटरमध्ये नवखे हमखास चुकतात ती जागा म्हणजे आयडलिंग, अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिनाचं चालणं. सोलेक्सच्या ३४ पिक्ट-३ मॉडेलवर थ्रॉटलच्या दांडीला एक स्क्रू असतो. तो पिळला की आरपीएम वाढतात, म्हणून सगळे तोच पिळतात. पण त्याने थ्रॉटलची पट्टी जागची हलते आणि पुढचं कुठलंच सेटिंग लागत नाही. आयडलिंगचा स्पीड बाजूच्या मोठ्या बायपास स्क्रूने लावायचा, साधारण ८५० आरपीएम. मिक्श्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, त्याच्याजवळच्या छोट्या स्क्रूने. दोन्ही इंजिन गरम आणि चोक पूर्ण उघडलेला असताना.

तरीही आयडलिंग वरखाली होत असेल तर कार्बोरेटरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या मॅनिफोल्डचे रबरी बूट बघा. तिथून हवा खेचली की मिक्श्चर पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन जास्त तापतं. एअर-कूल्ड इंजिनाला पाण्याचा आधार नाही, उष्णता न्यायची ती हवेने आणि ऑइलनेच. पातळ मिक्श्चरवर महिनोन्‌महिने चालवलेल्या गाडीचं हेड मी तडकलेलं पाहिलंय, फार वाईट वाटलं. पिकअप देताना गाडी अडखळत असेल तर इंजिन बंद ठेवून, एअर क्लिनर काढून थ्रॉटल हाताने ओढा आणि आत डोकवा. पेट्रोलची सरळ धार दिसली नाही तर कार्बोरेटरवरच्या अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम खोला.

यातलं काहीही करण्याआधी पेट्रोलचा रबरी पाइप वाकवून पाहा. त्यावर बारीक भेगा दिसल्या तर त्याच दिवशी बदला. बीटलचा क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं मुख्य कवच, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. एकदा पेटला की विझवता विझत नाही.