गल्लीतील कुत्री आणि नगरपालिका : माझा अनुभव

आमच्या गल्लीतील भटकी कुत्री उचलून न्यावीत, या तक्रारींचा उपयोग होत नव्हता. कारण कुत्री हटवली तरी उकिरडा तसाच असल्याने, रिकाम्या जागेत लस न टोचलेली नवी कुत्री येऊन बसत. म्हणून मी नगरपालिकेकडे वेगळा अर्ज केला: कुत्री पकडून त्यांचे निर्बीजीकरण करावे, रेबीजची लस टोचावी आणि त्यांना त्याच जागी परत सोडावे. अर्जासोबत प्रत्येक कुत्र्याचे छायाचित्र, ते नर की मादी आणि ते कुठे, किती वाजता सापडते, याची यादी जोडली. त्यांना रोज खायला घालणाऱ्या शेजारीणबाई पहाटे पथकासोबत उभ्या राहिल्या, त्यामुळे एरवी जाळे पाहताच पळणाऱ्या माद्याही हाती लागल्या. जखम भरल्यावर सारी कुत्री परत आली. निर्बीजीकरण झाल्याची खूण म्हणून त्यांच्या कानाला घेतलेला छेद लांबूनही ओळखू येतो.

रेबीज रोखण्यासाठी किमान ७० टक्के कुत्र्यांचे लसीकरण व्हावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे काम एकट्यादुकट्या प्राणिमित्राच्या आवाक्यातले नाही. त्यासाठी नगरपालिकेचाच नियमित निधी, वाहन आणि पशुवैद्यक हवा, असे माझे ठाम मत आहे. उकिरड्याच्या जागी झाकणाची कचरापेटी मिळावी यासाठी मात्र आरोग्य विभागाकडे स्वतंत्र अर्ज करावा लागला आणि तोही मंजूर झाला.