जीवाश्माचा निर्मितिवादी अर्थ कसा पारखावा

बायबलमधील उत्पत्तीचे पुस्तक शब्दशः इतिहास मानणारे निर्मितिवादी जीवाश्माकडे दोन गृहीतके धरून पाहतात. पहिले असे की सृष्टीचे वय काही हजार वर्षांपलीकडे जात नाही. दुसरे असे की जीवाश्म असलेले बहुतेक गाळाचे खडक नोहाच्या जलप्रलयात, म्हणजे सातव्या-आठव्या अध्यायांतील तारखांनुसार वर्षभराहून थोड्याच अधिक काळात, साचले. हा अर्थ पारखायचा असेल तर सुरुवात खडकापासून करावी. डोळ्यांना दिसते तेवढेच आधी लिहून काढावे आणि ‘जलप्रलय’ व ‘कोट्यवधी वर्षे’ हे दोन्ही शब्द त्या टिपणात येऊ देऊ नयेत.

कॅनडातील नोव्हा स्कॉशिया प्रांतात जॉगिन्स येथील कड्यांमध्ये झाडांची अश्मीभूत खोडे उभीच्या उभी आढळतात आणि एकेक खोड गाळाचे अनेक थर भेदून वर गेलेले दिसते. येथवर निरीक्षण झाले. खोड कुजण्याआधीच गाडले गेले असणार, असे निर्मितिवादी म्हणतात, आणि यात ते चुकत नाहीत. भूशास्त्रज्ञही हेच सांगतात. मात्र तेवढ्यावरून सगळा कडा एकाच पुरात साचला असे ठरत नाही, आणि ही उडी नेमकी कोठे घेतली जाते ते हेरणे हेच या कामातले खरे कसब आहे. १९८० मध्ये अमेरिकेतील सेंट हेलेन्स ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर जवळच्या स्पिरिट लेक या सरोवरात वाहून आलेली खोडे उभी तरंगताना दिसली, हा निर्मितिवाद्यांचा आवडता दाखला आहे. तो खराच आहे; पण उपटून वाहत आलेल्या झाडाची मुळे तुटलेली असतात, तर जॉगिन्सची मुळे बारीक उपमुळांसह जुन्या मातीत जागेवरच पसरलेली आहेत, आणि अशी जंगले एकावर एक कित्येक पातळ्यांवर आहेत. शिवाय १८५२ मध्ये चार्ल्स लायेल आणि विल्यम डॉसन या भूशास्त्रज्ञांना तेथील पोकळ बुंध्यात लहान चतुष्पाद प्राण्यांची हाडे सापडली, म्हणजे बुंधा आतून कुजून पोकळ होण्याइतका काळ मध्ये गेला होता.

थरांमधील जीवांच्या क्रमाबाबत निर्मितिवादी सांगतात की सखल भागातले जीव आधी बुडाले आणि चपळ प्राणी उंचावर पळून शेवटी गाडले गेले. येथे परागकण पाहावेत. ते पळत नाहीत आणि वाऱ्याने सर्वत्र पोचतात, तरीही कार्बोनिफेरस या अतिप्राचीन भूशास्त्रीय काळातील कोळशात नेच्यांसारख्या वनस्पतींचे बीजाणू मुबलक असताना फुलझाडांचे परागकण मिळत नाहीत. माझ्या मते या मांडणीला सर्वांत अवघड जाणारा पुरावा हाच आहे.

कार्बन-१४ वरून अवशेषांचे वय ठरवण्याचा मुद्दा निघाल्यास फार वेळ घालवू नये: त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मा कार्बन-१४ नाहीसा होण्यास लागणारा काळ, ५७३० वर्षे असल्याने सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे ही पद्धत चालतच नाही. टेक्सासमधील पॅलक्सी नदीच्या पात्रात डायनोसॉरच्या ठशांसोबत माणसाच्या पावलांचे ठसे असल्याचा दावा पुढे आला, तर १९८० च्या दशकात अनेक प्रमुख निर्मितिवाद्यांनीच तो मागे घेतला होता, हे लक्षात ठेवावे.