जुना वस्तरा उजळायला निघालात? या चुका टाळा

आजोबांच्या लाकडी पेटीतून इंग्लंडातल्या शेफिल्डचा वस्तरा निघाला. शिंगाची काळी मूठ, पात्यावर सोनेरी अक्षरं आणि कडेकडेनं तांबूस गंज. मी तो घेऊन थेट उद्यमनगरात गेलो. एका शेडमध्ये बफिंगचं चाक फिरतच होतं.

"मामा, जरा हळू हातानं."

"आरशागत करून देतो की. बस तिथं."

दहा मिनिटांत खरंच आरसा झाला. सोनेरी अक्षरं मात्र पुसली गेली होती आणि धारेजवळ तांदळाच्या दाण्याएवढा निळा डाग उमटला होता. तो डाग म्हणजे तिथल्या पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला. कडक केलेलं पोलाद परत तापलं की साधारण २२० अंशांना पिवळसर दिसतं, ३०० च्या आसपास निळं होतं आणि नरम पडतं. वस्तऱ्याची धार इतकी पातळ असते की चाकावर दोन-चार सेकंद जास्त टेकली तरी पुरे. त्या जागेला पुढं कितीही पाजवा, धार टिकत नाही.

मामांना बोल लावण्यात अर्थ नाही. वस्तरा जपायचाय की बदलायचाय, हे माझंच ठरलं नव्हतं. गंज थांबवणं, सैल खिळा घट्ट करणं, धार परत आणणं, मूळचं जेवढं शिल्लक आहे तेवढं राखणं, ही दुरुस्ती. नवी मूठ, कापून बदललेलं टोक, आरशासारखी चकाकी, हा बदल. बदल करायला माझी हरकत नाही. दुरुस्ती म्हणत म्हणत बदल करून बसणं, ही चूक. म्हणून प्रत्येक पायरीआधी एवढंच विचारायचं: हे उद्या परत पहिल्यासारखं करता येईल का? बसवलेला खिळा काढता येतो, घासून गेलेलं पोलाद परत येत नाही.

चिंच, लिंबू, व्हिनेगर

घरातली म्हातारी माणसं हमखास सांगतात, "तांब्याच्या भांड्यागत चिंच लाव की." पितळी खिळे चमकतात, पण पातं काळं-करडं पडतं, कारण आम्ल गंजाबरोबर चांगलं पोलादही खातं. लाल गंज असेल तर तेल लावून रात्रभर ठेवा आणि ४०० चा ओला पॉलिश पेपर हातानं, एकाच दिशेनं फिरवा. मग ६००, १०००, २०००; आकडा जेवढा मोठा तेवढा कागद बारीक. अक्षरांच्या वाटेला जाऊ नका; सोनेरी मुलामा नुसत्या पॉलिश पेस्टनंही जातो. काळपट डाग हाताला गुळगुळीत लागत असतील तर राहू द्या. ते वय आहे. खड्डे मात्र थेट धारेवर असतील तर ते कागदानं जाणार नाहीत.

तडा न बघता काम सुरू करणं

पात्यावर नखानं टिचकी मारा. टण्ण असा स्वच्छ नाद यायला हवा. बद्द वाजलं तर उजेडात, भिंगाखाली बघा. तडा गेलेल्या पात्यानं दाढी करायची नसते, विषय संपला.

मूठ कशाची आहे ते न ओळखणं

जुन्या मुठी शिंगाच्या, लाकडाच्या, हाडाच्या किंवा सेल्युलॉइडच्या. चोळल्यावर कापरासारखा वास आला तर सेल्युलॉइड समजा. त्याला तापलेली सुई लावून 'टेस्ट' करणारे लोक मी बघितलेत. ते भडकन पेटतं, राव. शिवाय म्हातारं झालं की आम्लाची वाफ सोडतं आणि आतल्या पात्याला गंजवतं. असा वस्तरा बाकीच्यांपासून लांब, मोकळ्या हवेत ठेवा. शिंगाची मूठ पाण्यात भिजवू नका, वाकते. हस्तिदंताची म्हणून कोणी विकत असेल तर हात लावू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो व्यवहार महागात पडेल.

मूठ उघडायची तर तिच्या दोन बाजूंच्या पट्ट्या फाकवू नका. खिळ्याचं एका बाजूचं डोकं कानशीनं घासून खिळा ठोकून काढा. नवा खिळा सुमारे १.६ मिलिमीटरच्या पितळी तारेचा. सोनारकामाचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. हातोडीचे ठोके हलके हवेत. एका जोरदार ठोक्यात पट्टी चिरते.

कणा घासून टाकणं

सगळ्यात जास्त वस्तरे इथं मरतात. कोयत्याला धार लावताना कोन हातानं धरतो. वस्तऱ्यात तो कोन पात्यातच घडवलेला असतो: कणा (म्हणजे पात्याची जाड पाठ) आणि धार दोन्ही दगडावर टेकवायची, बस्स. पातं १८ मिलिमीटर रुंद आणि कणा ५ मिलिमीटर जाड असेल तर कोन जवळपास १६ अंश येतो. कणा घासून ४ मिलिमीटरवर आणलात की तो १३ च्याही खाली जातो. अशी धार पहिल्याच दाढीत चुरते. कण्यावर इन्सुलेशन टेपचा एक थर लावा, म्हणजे तो झिजत नाही. सायकलच्या चाकावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याकडं तर वस्तरा देऊच नका.

दगड १०००, ४०००, ८००० आणि शेवटी १२००० चा. दगडावर धार पुढं चालते, दगडानंतर धार फिरवायच्या चामड्याच्या पट्ट्यावर कणा पुढं. हे उलटं झालं की पट्टा कापला जातो आणि धार मरते. केस ओढले जात असतील तर १०००वरचं काम अर्धवट राहिलंय, वरचे दगड कितीही फिरवले तरी उपयोग नाही. टोकाला धार आहे पण टाचेला, म्हणजे मुठीकडच्या बाजूला, नाही? आधी दगड सपाट आहे का बघा. काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून तो सपाट करता येतो. पट्ट्यासाठी कोल्हापुरी चपलेच्या तळाचं चामडं वापरू नका. जाड, ताठ असतं; पट्टा मऊ आणि सपाट लागतो.

पावसाळ्याचा विसर

जुलैत आपल्याकडं भिंतीसुद्धा घाम गाळतात. वस्तरा न्हाणीघरात किंवा चामड्याच्या म्यानात ठेवला की खिळ्यापाशी आतून गंज धरतो, बाहेरून दिसत नाही. दाढी झाल्यावर पुसा, खिळ्याच्या सांध्यात कागदाची घडी फिरवा, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडा. आणि वस्तरा ज्याचा त्याचाच. दुसऱ्याला द्यायचा नाही, मित्र कितीही जिवाभावाचा असो.

निळ्या डागाच्या वस्तऱ्याचं पुढं असं झालं. डाग जाईपर्यंत धार मागं घासली. १८ चं पातं १५ वर आलं, कोन १९ अंशांवर गेला. मग म्हटलं, आता हा बदललेलाच आहे, तर बदलूया. शिसवीची मूठ बसवली. दाढी होते, जरा खरखरीत. शिंगाच्या मूळ पट्ट्या अगरबत्तीच्या पुड्यात घालून आजोबांच्या पेटीत परत ठेवल्यात.