दोन बोटांचं क्लिक: हायकूच्या कोडमध्ये पहिल्यांदा हात घालताना

सांगलीच्या विश्रामबागेत रूम करून राहणाऱ्या पोरांचा ठरलेला प्रश्न असतो, "दादा, ओपन सोर्समध्ये काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणीही वाचू-सुधारू शकतो असं सॉफ्टवेअर. मी सांगतो, रोज वापरताना जे खुपतं तेच धरा. मला टचपॅड खुपत होता. हायकू ही ऑपरेटिंग सिस्टीम २००१ पासून प्रामुख्याने स्वयंसेवकांनी उभी केलेली, बीओएस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमचा वारसा सांगणारी. मी ती एका जुन्या लॅपटॉपवर चालवायचो. त्याचा टचपॅड क्लिकपॅड जातीचा, म्हणजे वेगळी बटणं नाहीत, अख्खा पॅडच दाबायचा आणि खाली खरं बटण एकच. दोन बोटांनी दाबलं की उजवं क्लिक, तीन बोटांनी दाबलं की मधलं, एवढं मला हवं होतं.

लगेच कोड लिहायला बसू नका. आधी टचपॅड काय पाठवतो ते बघा. सिनॅप्टिक्स कंपनीचा पीएस/२ (जुन्या पद्धतीच्या जोडणीचा) टचपॅड ॲब्सोल्यूट मोडमध्ये, म्हणजे बोटाची नेमकी जागा कळवताना, सहा-सहा बाइटची पॅकेट पाठवतो, सेकंदाला ८० पर्यंत. त्यात बोटाची जागा, दाब, बटण आणि 'डब्ल्यू' नावाचा चार बिटांचा आकडा असतो. डब्ल्यू ० आला तर दोन बोटं, १ आला तर तीन किंवा जास्त, ४ ते १५ म्हणजे एकाच बोटाची रुंदी. गंमत म्हणजे हे चार बिट शेजारी-शेजारी नसतात. तीन पहिल्या बाइटमध्ये विखुरलेले आणि एक चौथ्यात. ड्रायव्हरमधून, म्हणजे टचपॅडशी बोलणाऱ्या कोडमधून, हा आकडा सिसलॉगमध्ये (सिस्टीमच्या नोंदवहीत) छापायचा आणि पॅडवर बोटं ठेवून-उचलून बघत बसायचं. अर्धं काम तिथेच समजतं.

ड्रायव्हरने किती बोटं आहेत ते सांगायचं, आणि त्याचा अर्थ वरच्या थरात, इनपुट सर्व्हरच्या (माउस-कीबोर्डच्या हालचाली गोळा करणाऱ्या भागाच्या) बाजूला लावायचा. अर्थ ड्रायव्हरमध्येच लावला तर सिनॅप्टिक्ससाठी एकदा, एलॅनटेक या दुसऱ्या कंपनीच्या टचपॅडसाठी पुन्हा एकदा तेच लिहावं लागेल.

खरी मेख वेळेची आहे. दोन्ही बोटं पॅडवरून एकाच क्षणी कधीच उठत नाहीत. दर पॅकेटला बोटं मोजून बटण ठरवलंत, तर एक बोट जरा आधी सुटलं की दाबलेलं उजवं बटण मध्येच डावं होतं. मेनू उघडतो आणि त्यातलंच काहीतरी निवडलं जातं. म्हणून बटण खाली गेलं त्या क्षणी किती बोटं होती ते बघून निर्णय घ्यायचा आणि बटण सुटेपर्यंत तो बदलायचा नाही. नवशिक्यांची दुसरी हमखास गल्लत आकड्यांची. हायकूत बटणं बिटांनी ओळखतात: डावं १, उजवं २, मधलं ४. तीन बोटं म्हणून ३ (म्हणजे १ + २) पाठवलंत तर डावं-उजवं दोन्ही एकदम दाबलं असा त्याचा अर्थ होतो.

अंगठ्याचा घोळ वेगळाच. बरेच जण अंगठा पॅडच्या खालच्या कडेला टेकवून ठेवतात, मग तर्जनी धरून बोटं दोन होतात. लिनक्सवर टचपॅड-माउस सांभाळणारी लिबइनपुट ही लायब्ररी यासाठी बोटांमधलं अंतरही बघते. तो कोड जरूर वाचा, डोकं उघडतं. पण लिनक्स कर्नलमधून (सिस्टीमच्या गाभ्यातून) ओळी उचलून हायकूत टाकू नका. कर्नलचा परवाना जीपीएल, हायकूचा एमआयटी, दोन्हींच्या अटी वेगळ्या.

चाचणीला व्हर्च्युअल मशीन बिनकामाचं, कारण आतल्या सिस्टीमला साधा माउसच दिसतो. खरे लॅपटॉप लागतात. मी कॉलेज कॉर्नरजवळच्या एका दुरुस्तीवाल्याला गाठलं. पेनड्राइव्ह बघितल्यावर त्याचा पहिला प्रश्न, "फॉरमॅट तर मारणार नाहीस ना भावा? गिऱ्हाइकाचा माल आहे." हायकू पेनड्राइव्हवरूनच चालते, डिस्कला हात लागत नाही, हे त्याला एकदा चालवून दाखवलं. मग जे दुकानातच विकायचे होते असे सेकंडहँड लॅपटॉप त्याने पुढे सरकवले. नवीन मशीनवर सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त सिस्टीमच चालू होऊ देणारी सोय) बंद करावं लागतं. आणि टचपॅड पीएस/२ ऐवजी आयटूसी या जोडणीवर असेल तर त्याचा ड्रायव्हर निराळा, तो नाद पहिल्या फेरीत नको.

पॅच (केलेला बदल) गेरिटवर, म्हणजे कोड तपासण्याच्या साइटवर, टाकला की शेरे येतात. रिकाम्या जागा, टॅब, नावं, सगळ्यावर. वाईट वाटून घेऊ नका, ते कोडबद्दल असतं. त्याच कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) सुधारणा करून नवी आवृत्ती चढवायची, दरवेळी नवा पॅच उघडायचा नाही. समीक्षक दुसऱ्या टाइमझोनमध्ये असतात, तेव्हा उत्तराला उशीर लागला म्हणून मागे लागू नका.

घरचे विचारणारच, पैसे किती? या कामाचे थेट शून्य. गुगल समर ऑफ कोड या ओपन सोर्स शिकाऊंसाठीच्या उपक्रमात निवड झाली तर मानधन मिळतं. २०२२ पासून तिथे विद्यार्थी असण्याची अट नाही, वय १८ पूर्ण हवं. नोकरीच्या मुलाखतीत मात्र 'सी प्लस प्लस येतं' या ओळीपेक्षा स्वीकारल्या गेलेल्या कमिटची लिंक जड पडते. त्यावर प्रश्न येतात आणि उत्तरं पाठ करावी लागत नाहीत. हे पुण्याला न जाताही जमतं, फक्त लॅपटॉप बरा हवा. हायकूचं पहिलं बिल्ड (कोडपासून सिस्टीम तयार करणं) कंपायलरसकट होतं आणि चार जीबी रॅमच्या मशीनला घाम फोडतं.

सुरुवात करायची तर हायकूच्या ट्रॅकरवर (चुका आणि कामं नोंदवायच्या साइटवर) सोप्या कामांची वेगळी यादी आहे. त्यातलं इनपुटशी संबंधित काही सापडलं तर आधी ते घ्या, कर्नल नंतर.